वर आता कोण बसतं

आईच्या चपलेचा अंगठा तुटला तो नेमका जैसलमेरच्या किल्ल्यात, दशहरा चौकातून जैन मंदिरांकडे जाणाऱ्या गल्लीत. आणि आजूबाजूला काय, तर चपलाच चपला. भिंतीभर टांगलेल्या मोजड्या, आरसे लावलेल्या, भरतकाम केलेल्या, तान्ह्या बाळाच्या मापाच्यासुद्धा, आणि त्या सगळ्यांचा मिळून नव्या कातड्याचा तो उग्र वास. आई एका पायावर उभी, माझ्या खांद्याला धरून, म्हणतेय अगं एक टाका घालायचाय फक्त, विचार ना कुणाला. विचारलं. पहिल्याने लगेच मोजडीचा जोड पुढे केला आणि दुसऱ्याने त्याच्याहून स्वस्त. तिसरा पोरगा भला होता बिचारा, त्याने दुकानात खरंच शोधलं, पण त्याच्याकडे ना आरी ना दोरा, माल सगळा बाहेरून शिवून येतो म्हणाला. शेवटी एका घराबाहेरच्या दगडी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींनी ओढणीची सेफ्टी पिन काढून आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मोची तो नीचे मिलेगा, गोपा चौक की तरफ. ऊपर अब कौन बैठता है?"

तक्रार म्हणून नाही म्हणाल्या. आज ऊन फार आहे म्हणावं तसं म्हणाल्या आणि परत लसणाला लागल्या. आई तर पिन लावून पुढेही गेली. माझं मात्र मंदिरात लक्ष लागेना, ते बारीक कोरीवकाम बघताना डोक्यात हेच, की पायात घालायच्या वस्तूंनी भरलेल्या गल्लीत चप्पल शिवणारं कुणी नाही, हे नक्की कधी झालं असेल, आणि कुणाच्या लक्षात तरी आलं असेल का.

मग उरलेला दिवस मी दुकानंच बघत फिरले. काय मिळतं ते तुम्हाला माहितीच आहे, गोधड्यांचे तुकडे जोडून केलेले भिंतीवरचे पडदे, कातडी डायऱ्या, चांदीसारखे दिसणारे दागिने, हाबूर गावच्या दगडाच्या वाट्या (ह्यात विरजण न घालता दही लागतं असं प्रत्येकजण शपथेवर सांगतो), गच्चीवरून सूर्यास्त दाखवणारी हॉटेलं, पिझ्झा, पास्ता, कॉफी. मी बघत होते ते काय मिळत नाही ते. वहीचं दुकान शोधायला लागलं. एक किराणा दिसला, त्याच्याही पुढच्या अर्ध्या भागात चिप्स आणि थंड पाण्याच्या बाटल्या, डाळ-तांदूळ मागे अंधारात. शिंपी दिसला नाही, पिठाची गिरणी तर नाहीच. आणि तरी हा जिवंत किल्ला आहे, आत तीन-चार हजार माणसं राहतात असं सगळे सांगतात, राहतातही, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, दुपारी शाळेतून पोरं दप्तरं आपटत येतात, गच्च्यांवर पापड वाळत असतात. म्हणजे माणसं वर राहतात आणि त्यांना लागणाऱ्या वस्तू खाली राहतात. वर जे मिळतं ते आमच्यासाठी, दोन तासांसाठी आलेल्यांसाठी.

खाली मात्र बाजार अजून बाजार आहे, निदान माझ्या डोळ्यांना तरी तसा वाटला. किल्ल्याच्या दारातून उतरलं की गोपा चौक, तिथून सदर बाजार, पुढे गांधी चौक आणि अमरसागर पोळ, म्हणजे गावाची वेस. या वाटेवर वस्तू हळूहळू बदलत जातात आणि तो बदल पायाने चालत बघण्यासारखा आहे. सुरुवातीला रंगीत पगड्या आणि उंटाचे छाप असलेले टीशर्ट, मग थोडं पुढे गेलं की बांगड्या, पण त्या इथल्या बायकांच्या मापाच्या आणि रंगांच्या, मग स्टीलची भांडी, घोटवां लाडूंचे ढीग, मोबाईल दुरुस्ती, सुकवलेली केर-सांगरी (वाळवंटातली भाजीची फळं आणि शेंगा) पोत्यात उघडी ठेवलेली, आणि ती घ्यायला खेड्यातनं आलेली माणसं, पांढरं धोतर, कानात सोन्याचं, एका हाताने बिडी आणि दुसऱ्याने सांगरी चिमटीत धरून वास घेणारी. भाव करताना त्यांचा आवाज चढत नाही. नको असेल तर गप उठतात. आमच्यासारख्यांशी बोलताना त्याच दुकानदाराचा आवाज वेगळा असतो हे मला तिथे उभं राहून कळलं.

गोपा चौकाचंच घ्या. बहुतेकांसाठी ती किल्ल्यात शिरायची जागा, रिक्षा सोडते ती. ज्यांचं नाव चौकाला आहे ते सागरमल गोपा, संस्थानी कारभाराविरुद्ध लिहिलं म्हणून इथल्याच तुरुंगात डांबले गेले आणि १९४६ मध्ये तिथेच जळून त्यांचा मृत्यू झाला, स्वातंत्र्य वर्षभरावर आलेलं असताना. चौकात उभं राहून सेल्फी काढणाऱ्या गर्दीत हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. आमच्या गाइडने सुद्धा नाही, त्याला किल्ल्याचे ९९ बुरूज आणि तो बांधल्याचं ११५६ साल आणि बांधणारा रावल जैसल पाठ होते. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला जे विचारतात ते तो सांगतो.

आता कुणी म्हणेल की बाजार आहे तो, गिऱ्हाईक बदललं की माल बदलणारच, आणि जैसलमेर तर उभंच राहिलं बाहेरून येणाऱ्यांवर. बरोबर आहे. हे शहर वाळवंटात पिकावर जगलेलंच नाही, सिंधकडे जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर बसून जगलं, अफू, रेशीम, सुका मेवा, आणि त्या पैशातून पटव्यांच्या हवेल्या झाल्या. मग एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदर वाढलं, माल गलबतांनी आणि पुढे आगगाडीने जायला लागला आणि उंटाची वाट ओस पडली. मुंबईत जन्म गेलेल्या मला हे त्या हवेलीच्या अंगणात उभं राहून आठवलं तेव्हा कसंसंच झालं, की आमचं शहर भरलं ते अशा कितीतरी गावांच्या वाटचं घेऊन, इथले भाटिया आणि बाकीचे व्यापारी तिकडे आलेच ना. १९४७ ला सरहद्द पडली आणि उरलीसुरली वाटही मिटली. त्यानंतर शहर जे झोपलं ते जागं केलं युद्धांनी, १९६५ नंतर लष्करासाठी रस्ते आले, १९६८ ला रेल्वे आली. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा याच किल्ल्यावरचा बंगाली सिनेमा आला आणि बंगाली माणूस लेकरंबाळं घेऊन किल्ला शोधत यायला लागला तो आजतागायत येतोच आहे. गल्लीत बंगालीत पाट्या आहेत, दुकानदार बंगाली बोलतात, दिवाळीत तेच तोंड गुजराती होतं. मला एकाने "या ताई, बघा तरी" अशी हाक मारली आणि त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मी वळलेच. वळल्यावर वाटलं, हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्याच भाषेत बोलतो.

हा सगळा व्यवहार मला खोटा वाटत नाही, हे स्पष्ट सांगते. त्या दुकानदाराच्या आजोबांनी बहुतेक असंच सिंधी बोलून माल विकला असेल. फरक मला दिसतो तो असा की तांडा यायचा तेव्हा तो बाजारात येऊन इथल्या माणसांच्या बरोबरीने त्याच गल्लीत उतरायचा आणि त्यालाही चप्पल शिवून लागायची, उंटाचं खोगीर दुरुस्त करून लागायचं, पीठ दळून लागायचं. आम्हाला काही दुरुस्त करून लागत नाही. आम्ही येताना सगळं घेऊन येतो आणि जाताना आणखी घेऊन जातो.

एक गोष्ट मात्र आम्ही भरपूर वापरतो. पाणी.

वर्षाला २०० मिलीमीटरही पाऊस न पडणाऱ्या गावात, जिथे गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बायका गडीसर तलावावरून घागरी डोक्यावर घेऊन किल्ला चढायच्या, तिथे पाण्याचा थेंब सुद्धा दोनदा वापरला जायचा. किल्ल्याची सगळी रचनाच त्या हिशेबाने. दगडात दगड अडकवून, चुन्याशिवाय, काही ठिकाणी लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेली छपरं, आणि गल्लीच्या कडेने वाहणाऱ्या उघड्या नाल्या, चार तांब्या पाणी वाहून नेण्यापुरत्या. मग नळ आले, मग गेस्ट हाऊसं आली, प्रत्येक खोलीला बाथरूम, शॉवर, फ्लश. खालची टेकडी भुसभुशीत, मातकट थरांची, पाणी प्यायली की फुगते आणि सरकते. जुन्या छपरातली माती भिजली की तिचं वजन तुळयांना पेलत नाही. काही बुरूज ढासळले, घरं पडली, माणसंही गेली, १९९६ मध्ये किल्ल्याचं नाव जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत लागलं, 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच' म्हणतात ती. नंतर नाल्यांची, भिंतींची कामं झाली, २०१३ ला राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर युनेस्कोची पाटी आली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोरात पाऊस झाला तेव्हा शिवमार्गाच्या बाजूची तटबंदी कोसळली ती कोसळलीच. साडेआठशे वर्षं पाण्यावाचून उभी राहिलेली वास्तू पाण्याने खचावी, आणि ते पाणी आमच्या आंघोळीचं असावं, हे वाचलेलं होतं मी आधी. पण गल्लीत एका घराच्या पायाशी भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत आलेली ओल बघितली, पिवळ्या दगडावर करडा पट्टा, त्यावर मिठासारखी पांढरी बुरशी, बोट लावलं तर दगडाची पूड हाताला आली, तेव्हा ते पोटात उतरलं.

त्याच भिंतीवर, ओलीच्या वर, गणपती रंगवलेला होता. जैसलमेरला लग्न असलं की घराच्या बाहेरच्या भिंतीवर गणपती काढतात आणि शेजारी नवरानवरीचं नाव आणि तारीख लिहितात, गावाला आमंत्रण म्हणून, छापील पत्रिका असली तरी ही असतेच. मग ते चित्र तसंच राहतं, उन्हाने विरत विरत. मला त्याचा नाद लागला. गल्ल्यांमधून मी तारखाच वाचत फिरले, आई वैतागली. काही चित्रं परवाची, रंगाचा वास यावा इतकी ताजी, हळदी-कुंकवाचे रंग, मोर, दोन बाजूंना ऋद्धी-सिद्धी. काही इतकी जुनी की नवऱ्याचं नाव वाचता येतं आणि नवरीचं पुसलेलं. एका दारावर दोन तारखा होत्या, सहा-सात वर्षांच्या अंतराने, म्हणजे त्या घरात दोन भावंडं असावीत आणि दोघांच्या लग्नाला घर भरलेलं होतं. हॉटेलांच्या दाराशीही गणपती काढलेले होते, सुबक, चमकदार, एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून करून घेतलेले. त्यांच्याशेजारी नाव नाही आणि तारीख नाही. दुपारपर्यंत मला सवयच लागली, लांबून गणपती दिसला की जवळ जाऊन तारीख बघायची, असली की आत कुणीतरी राहतंय, नसली की आत खोल्या भाड्याने आहेत. हा काही शास्त्रोक्त हिशेब नव्हे, चुकतही असेन एखाद्या दाराशी. पण मंदिरांच्या बाजूला बिनतारखेचे जास्त दिसत गेले आणि तटाकडेच्या अरुंद, शेणाचा वास असलेल्या गल्ल्यांत तारखांचे.

मी बिकानेर आणि जोधपूरही थोडं बघितलंय आणि तिथे असं पोटात तुटलं नाही. जोधपूरच्या घंटाघराच्या बाजारात परदेशी माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून फिरत असतात आणि त्यांच्या शेजारीच कुणीतरी फावड्याचा दांडा घेत असतं, मसाल्याच्या दुकानांनी प्रवाशांसाठी पाट्या लावल्यात खऱ्या पण त्याच ओळीत खिळे-मोळे आहेत, दोऱ्या आहेत, तवे आहेत. बिकानेरच्या कोट गेटला तर रेल्वे फाटक पडलं की अख्खं गाव तिथे तुंबतं आणि त्या गर्दीत प्रवासी कोण हे ओळखूही येत नाही. ही मोठी शहरं आहेत, त्यांना कोर्ट आहे, कॉलेजं, कारखाने, भुजियाचा धंदा, प्रवासी हे त्यांचं एक गिऱ्हाईक. जैसलमेर लहान. पुष्करही लहान, तिथे घाटामागच्या बाजारात फलाफल आणि हिब्रू पाट्या आणि अलिबाबा पँटी, आणि मंदिरासाठी आलेल्या खेडुतांना त्यातून वाट काढत जावं लागतं. गाव जितकं लहान तितका हा रेटा जड, असं मला वाटायला लागलंय. लहान गावाला नाही म्हणायची सोय नसते.

आणि आता तर जैसलमेरला दुसरंच काहीतरी होतंय, जे मला आधीच्यापेक्षा वाईट वाटतं. प्रवासी वाढले पण ते गावात राहत नाहीत. सम गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला किल्ल्यासारखी दिसणारी मोठमोठी हॉटेलं झालीत, वाळूच्या टेकड्यांपाशी तंबूंच्या रांगा, डीजे, जीपांची गर्दी, लग्नंसुद्धा तिकडेच होतात, विमानातून उतरून थेट तिकडे. गावात येतात ते दुपारी, किल्ला, पटव्यांची हवेली, एक लस्सी, संपलं. संध्याकाळी आमची टॅक्सीसुद्धा चालली होती तिकडेच, ड्रायव्हरला पटेना की आम्हाला बाजारात बसायचंय. ज्या गावाने आपले शिंपी आणि मोची उठवून प्रवाशांसाठी गल्ल्या मोकळ्या केल्या, त्या गल्ल्यांत आता प्रवासीही रात्री थांबत नाहीत. सूर्य मावळला की मोजडीवाले कंटाळून मोबाईल बघत बसलेले असतात, आणि मांगणियार, म्हणजे इथल्या लोकगायकांपैकी, एका म्हाताऱ्याची कमायचा (सारंगीसारखं वाद्य) तीच तीच ओळ वाजवत राहते कारण थांबून ऐकणारं कुणी नसतं, चालता चालता व्हिडिओ काढतात लोक. मे २०२५ मध्ये सरहद्दीवर ड्रोन यायला लागले, इथे रात्री ब्लॅकआउट झाला, तेव्हा सीझन संपलेलाच होता, पण बुकिंगं रद्द होत राहिली पुढच्यासुद्धा, असं तीन वेगवेगळ्या माणसांनी मला आपणहून सांगितलं. एकाच गिऱ्हाइकावर गाव उभं करण्याची ही किंमत, ते गिऱ्हाईक टीव्ही बघून ठरवतं.

किल्ल्यात राहावं की खाली, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आम्हालाही पडला होता, आणि ओल आणि नाल्यांचं वाचून आम्ही खाली राहिलो. आत चहा प्यायला थांबलो त्या घरात चार खोल्या भाड्याने देतात. घरातली सून, माझ्याच वयाची, चहा गाळता गाळता विचारलं तिने कुठे उतरलात, मी खरं कारण सांगितलं, किल्ल्याला त्रास नको म्हणून. तिने डोळे वर करून बघितलं. "सब नीचे रुकेंगे तो हम ऊपर क्या करेंगे, दीदी?" मग म्हणाली, सासऱ्यांना खाली घर घेऊन द्यायचं म्हणतात दीर, पण सासरे सकाळी लक्ष्मीनाथाच्या आरतीला चालत जातात, खाली गेले की कोण आणणार त्यांना वर. भिंतीची दुरुस्ती करायची तर कागद लागतात आणि परवानगी यायला काळ लागतो, पुरातत्त्वाचे नियम, तोवर पाऊस पडून जातो. खोल्या बंद केल्या तर दुरुस्तीला पैसा कुठला. हे सगळं ती रडगाणं म्हणून सांगत नव्हती, मोजून सांगत होती, आणि मला तिच्या एकाही वाक्याला उत्तर नव्हतं. चहात तिने आलं भरपूर घातलं होतं. आईने तिला तिच्या मुलीबद्दल विचारलं, मुलगी जोधपूरला शिकते, परत येणार का, तर म्हणाली देखो.

मला वाटतं त्या सुनेचं आणि किल्ल्याचं भांडण लावून देऊन आपण बाजूला होतो. एकतर किल्ला वाचवा नाहीतर माणसं जगवा, असं बोललं जातं, मोठ्या लेखांतूनसुद्धा. पण तिथली माणसं उठली तर तो किल्ला लागलीच दुकानांची इमारत होईल, रात्री कुलूप लावायची, आणि मग भिंतीला ओल आली हे पहिल्यांदा बघायला तिथे असेल कोण? तारीख लिहायला कोण असेल? नाल्या आणि पाइप हे काम पैशाने होतं, थोडं झालंही आहे, आणखी व्हायला हवं आणि आम्ही भरतो त्या तिकिटांच्या पैशातून आधी ते व्हायला हवं. राहणाऱ्याला भिंत दुरुस्त करायची परवानगी पावसाच्या आत मिळायला हवी. आणि वरच्या गल्लीत कुठेतरी चार-पाच गाळे असे ठेवायला हवेत की जिथे मोजडी आणि डायरी विकायची नाही, दळण, शिवण, किराणा, चपलेचा टाका, भाडं परवडेल असं. नगरपालिकेने ठरवलं तर फार मोठी गोष्ट नाही ही. बाजार आपोआप असं करणार नाही कारण मोजडीवाला दहापट भाडं देतो.

आईला मी हे सगळं ट्रेनमध्ये सांगत बसले होते, जैसलमेर मागे टाकून गाडी पोकरणला थांबली होती, बाहेर चहावाले ओरडत होते. ती म्हणाली, गाळे ठेवतील गं, पण बसणाऱ्याची पोरं बसतील का तिथे? त्यांनाही जोधपूरलाच जायचं असणार. यावर आमचं जोधपूर येईपर्यंत वाजलं. मी म्हणत होते भाडं परवडलं आणि गिऱ्हाईक रोजचं असलं तर बसेल कुणीतरी, ती म्हणत होती तू बसशील का.